उसनं रडू

ईश्वरी सैन्यात गेली असती तर तिच्या बापाचा, निवृत्त नायब सुभेदार प्रदीप गुरबे यांचा, फायदाच फायदा होता. एक तर 'लोकांची पोरं धाडतोय, स्वतःची घरात ठेवलीय' ही चार वर्षं कट्ट्यावर चाललेली कुजबुज एका दिवसात थांबली असती. दुसरं, त्यांच्या भरती अकॅडमीच्या फलकावर तीनशे बारा फोटो होते आणि त्यात मुलगी एकही नव्हती. पहिली घरचीच निघाली असती. तिसरं, अकरा वर्षांपूर्वी सैन्यातून परत येताना आपलं काहीतरी वर राहून गेलं असं त्यांना वाटायचं, ते पोरीच्या पायांनी पुरं झालं असतं. हे तिसरं ते कुणाला सांगत नसत. पहिली दोन सांगायची गरज नव्हती. गावाला ती त्यांच्याआधी कळली होती.

तोटा मोजायची सोय मात्र सरकारनं केली होती.

उत्तरेच्या बर्फातली लढाई लांबत गेली तसा नवा कायदा आला. एकविशीच्या आतल्या उमेदवाराला आईबापांपैकी एकाची संमती हवी, आणि नुसती सही चालणार नाही. आपण काय देतोय हे सही करणाऱ्याला कळलेलं हवं. कळलं की नाही ते यंत्र ठरवणार. कागदोपत्री तिचं नाव 'पूर्वशोक चाचणी'. गडहिंग्लजला त्यासाठी जी खोली बांधली, तिला लोक रडखोली म्हणत.

खोलीत एक खुर्ची आणि डोक्यावर बसणारा एक टोप. घरातले फोटो, फोनवरची बोलणी, माणसांच्या सवयी, सगळं गोळा करून यंत्र दहा मिनिटांचं भविष्य रचायचं: पोर गेल्याची खबर, आणि नंतरची काही वर्षं. त्या वेळी नाडी, घाम आणि मेंदूतली हालचाल मिळून पडद्यावर एक भावरेषा उमटायची. ती उसळली तर 'समज आली' असा शेरा, आणि मग समोर दोन बटणं, संमतीचं हिरवं आणि नकाराचं लाल. सपाट राहिली तर 'समज आली नाही'. तीन संधी. तिन्ही गेल्या की पोराचं वर्ष गेलं.

कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. आपल्याकडे परीक्षा निघाली की मागोमाग शिकवणी निघते, एवढंच त्यांनी धरलं नव्हतं.

प्रदीप सरांची शिकवणी रविवारी सकाळी, मैदानावर सतरंजी टाकून चाले. पोरं पळत, बाप बसत. सरांच्या लवकर लक्षात आलं होतं की बापांचे दोनच प्रकार: एक धास्तीनं दगड होतो आणि नापास ठरतो, दुसरा खरंच बघतो आणि लाल दाबतो. दोन्हीकडून पोराचं नुकसान.

"पोराकडं बघायचंच नाही," सर सांगत. "डोळे उघडे ठेवा, मन दुसरीकडं न्या. पूर्वी गेलेलं कुणीतरी आठवा. यंत्राला रडू पाहिजे. ते कुणासाठी आहे, हे त्याला कळत नाही."

मग बाप आपापलं जुनं दुःख शोधून आणत. कुणाची आई, कुणाचा बैल. नमुना म्हणून सर स्वतःचं सांगत: त्यांचा सोबती शिवलिंग मगदूम, एकाच दोराला बांधलेले दोघं, वरून घसरलेला बर्फ. "दोर हातात राहिला," म्हणून ते थांबत, आणि बाप रुमाल काढत.

आयांना रडखोलीत न्यायचं नाही, हा नियमही सरांचाच. त्या खरंच बघतात.

मंगळवारी सकाळी ईश्वरी सोळाशे मीटर पळून आली, घड्याळ बघून हसली आणि ताट ओढलं. "पप्पा, अकराची वेळ मिळालीय. गाडी काढा."

वैशालीनं तव्यावरची चपाती उलटली. "मी येते. मी बसते त्या खुर्चीत."

"तू कशाला? वर्ष घालवशील तिचं," प्रदीप म्हणाले.

"म्हणजे बघितल्यावर मी नको म्हणणार, एवढं पक्कं ठाऊक आहे तुम्हाला."

"आई, तू नको म्हणणार, शेजारच्या काकू नको म्हणणार, आपलं मांजर नको म्हणणार. घरात एक शहाणा माणूस आहे, त्याला जाऊ दे की."

"शहाणा! तीनशे बारा बापांना बघूनही न बघायला शिकवलं तुझ्या पप्पांनी. आज स्वतःचंही उरकून येतील."

प्रदीप मनातल्या मनात शिवलिंगला बोलावून ठेवत होते.

वाटेत ईश्वरी म्हणाली, "एक सांगू? मी तुमच्या फलकासाठी जात नाहीये. आई म्हणते, तुम्ही वरून आलात ते अर्धेच आलात. तिथं असं काय आहे ते मला बघायचंय."

त्यांनी उगाचच गियर बदलला.

रडखोलीत यंत्र चालवायला तेजश्री नावाची तरुण बाई होती. तिनं टोप बसवला. घराच्या दारात खबर घेऊन, टोपी काढून उभा असलेला सुभेदार दिसू लागताच प्रदीपनी नजर तिथंच ठेवली आणि मन दोराकडं नेलं. बर्फ, हाक, दोर.

"काका, रेषा सपाट आहे," तेजश्री म्हणाली.

दुसऱ्यांदा त्यांनी जास्त जोर लावला. शिवलिंगचा चेहरा आठवून बघितला. चेहरा येईना, आला तो स्वतःचाच रविवारचा आवाज, कुठं थांबायचं ते नेमकं ठाऊक असलेला. चार वर्षं दर आठवड्याला वापरून दुःख गुळगुळीत झालं होतं.

"सपाट." तेजश्रीनं कागद उलटला. "गंमत आहे. तुमच्या अकॅडमीचे बाप पहिल्या झटक्यात पास होतात, सगळेच्या सगळे. आणि हिरवंच दाबतात. बाकी जिल्ह्यात निम्मेसुद्धा दाबत नाहीत. साहेब म्हणतात, तुमचा सैनिकी भाग आहे म्हणून."

"असेल."

"एकच संधी राहिली काका. या वेळी नुसतं बघा."

दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी बघितलं. टोपी काढलेला सुभेदार गेला. तिरंग्यातली पेटी गेली. मग चार वर्षांनंतरचा एक रविवार आला. आपलंच मैदान, तीच सतरंजी, समोर ओळीनं बसलेले बाप. स्वतः प्रदीप, केस पांढरे झालेले, आवाज खणखणीत. "माझंच सांगतो. माझी ईश्वरी अठरा वर्षांची होती," त्या भविष्यातले प्रदीप म्हणाले, आणि नेमके जिथं थांबायचं तिथं थांबले. बापांनी रुमाल काढले. घराच्या पायरीवर वैशाली उभी होती. तिनं ऐकलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

यंत्रानं काही बनवाबनवी केली नव्हती. माणसाच्या सवयी घेतल्या आणि पुढं चालवल्या.

रेषा अशी उसळली की तेजश्रीनं धावत येऊन टोप सैल केला. 'समज आली' असा शेरा उमटला. दोन बटणं उजळली. प्रदीपचा हात बराच वेळ मांडीवर राहिला. मग त्यांनी लाल दाबलं.

बाहेर ईश्वरी उभीच होती. "रेषा आली वर?"

"आली."

"मग?"

"लाल."

आधी तिला ते खरं वाटलं नाही. मग वाटलं. "उंचावरच्या तुकडीला वयाची अट आहे. पुढच्या भरतीला मी त्या अटीपेक्षा चार महिन्यांनी मोठी असेन. हे ठाऊक असून?"

"ठाऊक असून."

"तीनशे बारा जणांना हिरवं मिळवून दिलंत, आणि माझ्याच वेळी दिसायला लागलं? काय दिसलं असं?"

त्यांनी खरं ते सांगितलं, काही न गाळता. लेकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मी मेलेली बघून नाही दाबलंत," ती म्हणाली. "स्वतःला बघून दाबलंत. आणि वर्ष माझं गेलं."

ती मागच्या सीटवर बसून घरी आली.

बातमी गाडीच्या आधी पोचली होती. रविवारी प्रदीपनी बापांना सांगितलं, "आता मी काही शिकवणार नाही. खुर्चीत बसा आणि जे दिसेल ते बघा." निम्मे उठून गेले. पलीकडच्या गावात दुसरी अकॅडमी होती. तिथल्यांनी ही युक्ती केव्हाच उचलली होती आणि वर हिरव्या बटणाची हमी देत होते.

गुरुवारी रवळू कोकितकर आले. फलकावरचे नऊ फोटो हारातले होते. त्यांतला एक त्यांच्या सूरजचा. सूरजला जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हाताऱ्यानं चहाला हात लावला नाही.

"मला त्या खोलीत ने, परदीप."

"आता कशाला, मामा?"

"सूरजला आणला तेव्हा अंगणात माणूस मावत न्हवतं. मी सगळ्यास्नी पाणी पाहिजे का इचारत होतो. आत त्याची आय ऊर बडवत हुती आणि मी तांब्या घिऊन फिरतोय. लोक म्हणालं, लई खंबीर गडी. खंबीर कसला! तू सांगितलंस तसं मन दुसरीकडं नेलं, ते तिकडंच ऱ्हायलं. वरीस झालं, पोराचं रडू येत न्हाई. त्या खुर्चीत तरी येतंय का बघू."

ते दोघं गेले. तेजश्रीनं सगळं ऐकलं, आणि दोनदा चष्मा पुसला. "काका, ही चाचणी आधीची. पोर गेल्यानंतरची सोय सरकारनं केलेली नाही."

रवळू बाहेरच्या बाकावर बसले. प्रदीप शेजारी. समोरून एक बाप टोपी सावरत आत चालला होता. ओठ हलत होते, काहीतरी पाठ करत असावा. प्रदीप अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

हिशेब आता सरळ होता. पोरं नऊ घरांची गेली. त्या नऊ बापांचं रडू गेलं, आणि नऊ आयांना तर कुणी खुर्चीसुद्धा विचारली नव्हती. ईश्वरीचं तिला हवं ते एकुलतं वर्ष गेलं. प्रदीप गुरब्यांची लेक घरी होती, धडधाकट, दार लावून.

रवळूंनी आत गेलेल्या बापाच्या मागं बंद झालेल्या दाराकडं बघितलं.

"तुझं बटण तू दाबलंस, परदीप," ते म्हणाले. "माझं कुणी दाबलं?"