पतंगांच्या रात्रीची चोरी

"माद्या गप्प, नर ठप्प आणि शुक्रवारपासून मावशी घरी!" ढापण्या म्हणाला.

"तोंड आवर!" टिकलीने धाकट्या भावाला टपली मारली. पण त्यात खोटं काय होतं?

दोघं सुट्टीत मावशीकडे आली होती. दिव्यावर झेपावणारे पतंग एका संशोधनशाळेत पाळणं, हे मावशीचं काम. तिथल्या एका गार खोलीत दिवस-रात्र उलटे केलेले. सकाळी दहाला दिवे बंद, की पतंगांची रात्र सुरू! अंधारात माद्या गंध सोडत आणि शेजारच्या पेटीतले नर पंख फडफडवत नाचत. गेले दहा दिवस मात्र एकही नर हलला नव्हता. "तुम्हीच खाणं बिघडवलंत," म्हणत तिथल्या साहेबांनी मावशीच्या हाती नोकरी संपल्याचं पत्र ठेवलं होतं.

मावशीने मंद लाल दिव्यात दुसऱ्या खोलीतल्या माद्यांच्या डोक्यातला रस एका गप्प मादीला टोचला. तासाभरात नर नाचायला लागले!

"गंधाची ग्रंथी पोटाच्या टोकाला," मावशी म्हणाली, "पण तिला कामाला लावणारं संप्रेरक येतं डोक्याकडून. तेही अंधार असला तरच."

"म्हणजे ग्रंथी ठणठणीत! डोकंच निरोप पाठवत नाही!" टिकली ओरडली. "मावशी, कुणीतरी यांची रात्र मोडतंय!"

मावशी सुई पुसून डबीत ठेवू लागली.

दुपारी एकला सगळे जेवायला पांगले. दोघं गार खोलीबाहेरच्या कपाटामागे दबा धरून बसली. वर्तमानपत्र घेऊन साहेब त्या खोलीत शिरले आणि दाराखाली पांढऱ्या उजेडाची रेघ उमटली!

"ओरडू या?" ढापण्या कुजबुजला.

"आपलं कोण ऐकतंय? त्यांनाच ओरडू दे."

दुसऱ्या दिवशी टिकलीने आतली ट्यूब काढून ठेवली आणि बरोबर एकला संस्थेच्या प्रमुख बाईंना दारापाशी ओढत आणलं. आतून गर्जना झाली, "माझी ट्यूब कोणी काढली? रोज इथे गारव्यात पेपर वाचतो मी!"

"शाबास, पोरांनो!" बाई म्हणाल्या. साहेबही ओशाळं हसले. "कार्टी हुशार आहेत हं!"

"मग मावशीचं पत्र परत घ्या ना!"

बाई चष्मा पुसू लागल्या. "अगं, तिच्या जागी माणूस नेमून झालाय. सोमवारी येतोय तो."

वाटेत टिकलीचे डोळे भरून आले. "मावशी, तुला ठाऊक होतं?"

"रोज त्यांचा पेपर तिथून मीच तर उचलायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर ते पत्र पहिल्याच दिवशी मिळालं असतं, बाळा."