पहिली घागर गाडीची

अमीरबीनं कडी वाजवली तेव्हा मुंजाजीच्या एकाच गालाची दाढी झाली होती.

"भाऊ, माझ्या पोराला, जमीलला वाचवा," म्हणत ती उंबऱ्याशीच बसली. "आज दोन वाजता तलाठी पंचनामा करनार हाय. लोक म्हनून राहिले, जमील पानी चोरतो."

मुंजाजी हा एस.टी.तून निवृत्त झालेला मिस्त्री. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखतो, अशी पुसेगावात त्याची ख्याती होती. ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता, हे सोडा.

२००३ सालचा मे महिना होता. जमील पुसेगावच्या विहिरीवरून माळवस्तीला टँकरनं पाणी न्यायचा. रोज दोन खेपा. सकाळची पहिली खेप बिनबोभाट पोचायची. दुपारची दुसरी मात्र बहुतेक दिवशी सोनाजीच्या संत्र्याच्या बागेशी, चढावर बंद पडायची. दोन-दोन तास हलायची नाही. वस्तीवर पोचायची तेव्हा पाणी कमी भरायचं, आणि बागेजवळची जमीन ओली दिसायची. लोकांना आणखी काय पुरावा हवा?

त्यातच आठ दिवसांपूर्वी दुपारचा टँकर असाच अडकला. वाट पाहून बायका वस्तीच्या जुन्या विहिरीत उतरल्या. भिकाबाईची सून ज्योती पायरीवरून घसरली. पाय मोडला. सहावा महिना होता, लेकरू गेलं.

"किती मिस्त्र्यांनी पाह्यली गाडी?" मुंजाजीनं विचारलं.

"तिघांनी. म्हनले, गरमीनं बंद पडते."

"गरमीनं मानसंही बंद पडतात. तेवढं सांगायला मिस्त्री कशाला पायजे?" मुंजाजीनं राहिलेला साबण टॉवेलला पुसला आणि तसाच निघाला.

पहिली खेप भरून तयार होती. सोळा वर्षांचा जुना ट्रक, पाठीवर पाण्याची टाकी. डाव्या बाजूच्या डिझेलच्या टाकीवर दुहेरी गोणपाट पांघरलेलं, वरून ट्यूबची रुंद पट्टी ताणून बांधलेली. उन्हाळ्यात या भागातले निम्मे ट्रक असेच नटलेले असतात. डिझेल थंड राहतं म्हणतात. मुंजाजीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पुढे या गोष्टीची त्याला फार लाज वाटली.

केबिनमध्ये बसल्या बसल्या त्यानं चौकशी सुरू केली.

"मागच्या मे महिन्यात बंद पडत होती?"

"न्हाई काका. बराबर चालायची."

"तवा कुठं चालवत होता?"

"सेनगावाकडं. माळवस्ती औंदा एप्रिलपासून."

"कवा लवकर बंद पडते, कवा उशिरा?"

जमील जरा घुटमळला. "हसाल तुमी. डिझेलची टाकी फुल केली का लवकर पडते. कमी असलं का जरा तग धरते."

मुंजाजी हसला नाही. भरल्या पोटी उपाशी मरणारं इंजिन त्यानं पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भर दुपारी कवाच बराबर चालली न्हाई?"

"एकडाव चालली. मालकाच्या घरचं लगीन होतं, कनेरगाव नाक्याला. सकाळीच तिकडं गेलो, दिवसभर तिकडंच खेपा केल्या. ऊन तर असं, का स्टेरिंग धरवेना. पन गाडी एकदा म्हनून थांबली न्हाई."

"आन बागेपाशी जमीन ओली काहून?"

"म्याच वततो ना पानी इंजिनावर! दहा-बारा बादल्या. थंडं होईल, चालू होईल म्हनून." त्यानं स्टेरिंगवर हात आपटला. "लोकायचं पानी हाय, मला कळते काका. पन करू काय?"

 पोरगं खोटं बोलत नव्हतं. पण खोटं बोलत नाही हे काही पंचनाम्यात लिहिता येत नाही.

वस्तीवर टँकर थांबला तशी घागरींची रांग लागली. सगळ्यांत पुढे भिकाबाई. वाळकी, ताठ, डोळे लाल.

"आला चोर," ती म्हणाली. "आज दोन वाजता हाय तुझा निकाल."

एवढं बोलून तिनं नळाखाली घागर धरली, भरली, कमरेवर घेतली आणि सरळ ट्रकच्या डाव्या बाजूला गेली. गोणपाटावर तिनं ती सावकाश ओतली, एक थेंब बाहेर जाऊ न देता. मग घागर घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"हे काय?" मुंजाजीनं हळूच विचारलं.

"पहिली घागर गाडीची," जमील म्हणाला. "पहिल्या दिसापासून हाय. गाडी थंडी राहावी, दुसऱ्या खेपेला यावी म्हनून. मान भिकामावशीचा."

ज्याला चोर म्हणायचं त्याच्याच गाडीला आंघोळ घालायची! मुंजाजीला गंमत वाटली. मग त्यानं रांग पाहिली. एका घागरीसाठी तासभर उन्हात उभ्या बायका, आणि त्यातली एक घागर गाडीला. त्याची गंमत विरली.

साडेबाराला दुसरी खेप भरून ते निघाले. सोनाजीच्या बागेचा चढ लागला. निम्म्यावर इंजिनानं दोन आचके दिले आणि जीव सोडला.

मुंजाजी उतरला. फिल्टर काढला, स्वच्छ होता. पाइपांवरून बोटं फिरवली, कुठं चीर नव्हती. पंपातली हवा काढली. इंजिन फुरफुरलं, पुन्हा मेलं. दुसऱ्यांदा हवा काढली. पुन्हा तेच. अर्धा तास गेला. तापलेल्या लोखंडानं त्याची बोटं पोळली. इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखणाऱ्या मिस्त्रीसमोर आज इंजिन आवाजच काढायला तयार नव्हतं.

वरच्या वळणावरून तलाठी प्रमोदराव मोटारसायकलवर येताना दिसले. मागून पायी भिकाबाई आणि दहा-बारा माणसं.

"काका, मला धरतील आता," जमील म्हणाला. तो चाकाला टेकून खालीच बसला.

मुंजाजीला काही सुचेना. काही सुचत नसलं की मिस्त्री जे करतो तेच त्यानं केलं. डिझेल आहे का पाहू म्हणून ट्यूबची पट्टी सोडली, ओलं गोणपाट बाजूला टाकलं आणि झाकण फिरवलं.

सुस्स!

झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं. टाकीनं बाहेरची हवा अशी ओढून घेतली, जणू कुणी बुडता माणूस वर आला होता.

"जमील, बंद पडल्यावर कवा डिझेल बघितलं होतं?"

"दोन-तीनदा. लगेच चालू झाली होती. मला वाटलं, नशीब."

"सेल्फ मार."

पहिल्या सेल्फला इंजिन चालू झालं. मुंजाजीनं झाकण उन्हात धरून पाहिलं. मधोमध सुईएवढं भोक होतं. त्यानं झाकण लावलं, गोणपाट खांद्यावर टाकलं, आणि समोर आलेल्या तलाठ्याला म्हणाला, "रावसाहेब, पंचनामा वस्तीवर करा. तुमी केबिनमध्ये बसा. गाडी मधात थांबली तर माझंही नाव लिहा."

ऊन डोक्यावर होतं. गाडी कुठंही न थांबता चढ चढली.

वस्तीवर माणसं जमली. मुंजाजी टँकरच्या पायरीवर उभा राहिला.

"तेलाचा डबा फोडताना एक भोक पाडता का दोन?"

"दोन," बायका म्हणाल्या. "एकानं तेल येत न्हाई. हवा आत जावी लागते."

"डिझेलच्या टाकीचंही तसंच. डिझेल जितकं जाते, तितकी हवा या भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं, का टाकी डिझेल सोडत न्हाई. भरल्या टाकीत हवा मुळातच कमी, म्हनून फुल केली का गाडी लवकर पडायची. चढावर डिझेल जास्त लागते, म्हनून नेमकी बागेपाशी पडायची. इंजिनावर पानी वतून उपयोग नव्हता, दुखनं तिथं नव्हतंच. दोन तासानं भोक आपोआप मोकळं व्हायचं, आन गाडी चालू."

"भोक बुजवते कोण?" तलाठ्यानं विचारलं.

मुंजाजीनं गोणपाटाचा वाळलेला कोपरा त्याच्या तोंडापुढे धरला. "फुंका." फुंकर आरपार गेली. मग ओला भाग दुहेरी करून धरला. "आता फुंका." तलाठ्याचे गाल फुगले, हवा जाईना.

"वाळलं गोणपाट हवा सोडते. ओलं, वरून ट्यूबनं आवळलेलं, सोडत न्हाई. सकाळी ते वाळलेलं असते, गाडी पोचते. नाक्याच्या लग्नात ते कोनी भिजवलंच न्हाई, गाडी चालली. गुन्हेगार हे गोणपाट हाय, रावसाहेब. जमील न्हाई. लिवून घ्या."

तो तिथंच थांबणार होता. त्याला तिथंच थांबायचं होतं. आपण मिस्त्री नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

पण भिकाबाई पुढे आली. तिनं गोणपाट हातात घेतलं, दाबलं. हाताला अजून ओल लागत होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ज्योती पडली त्या दिशीबी हे ओलंच व्हतं?"

"बाई, तुमाला काय ठावं व्हतं? आमाला तिघा-चौघा मिस्त्र्यांना कळलं न्हाई. सकाळी मीच पाह्यलं आन—"

"ओलं व्हतं का?"

मुंजाजीनं मान हलवली. व्हय.

"रोज वतलं म्या," भिकाबाई म्हणाली. "घरात प्यायला नसलं तरी वतलं. सून म्हनायची, आत्याबाई, एक घागर वाचवा. म्या म्हनलं, गाडी आली पायजे." ती रडली नाही. तिला बसायला कुणीतरी पोतं अंथरलं, पण ती उभीच राहिली.  तलाठ्याचं पेन कागदावर अडून बसलं होतं. पंचनाम्यात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

जमीलच्या नावावरचा आळ मात्र पुसला गेला. अमीरबीनं मुंजाजीच्या घरी ओढणीत बांधून अंडी पाठवली. त्याला ती गोड लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. गोणपाट नव्हतं. भिकाबाईनं पहिली घागर भरली, कमरेवर घेतली आणि सवयीनं ट्रकच्या डाव्या बाजूला गेली. उघड्या टाकीपुढे ती तशीच उभी राहिली. 

जमील केबिनमधून उतरला. त्यानं तिच्या कमरेवरची घागर हलकेच आपल्या खांद्यावर घेतली.

"मावशी, कुठं ठिवू?"

भिकाबाईनं पदरानं ओली कंबर पुसली.

"ज्योतीपाशी," ती म्हणाली. "म्या दिलं म्हनून सांगू नको."