खिडकी नसलेला माळा

तुम्ही हसाल म्हणून इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. पण हे खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

कर्वेनगरचं आमचं घर. एकोणीसशे चौऱ्याण्णवची थंडी. दिवेलागणीची वेळ.

माझी थोरली बहीण, नीरजाताई, बाळंतपणाला माहेरी आली होती. खाली जागा नव्हती. म्हणून बाबांनी कौलांखालच्या माळ्याच्या फटी आतून फळ्या ठोकून गच्च बंद केल्या आणि त्याची खोली करून टाकली.

दिगंबरमामा घरांचे नकाशे करायचे. ते बघायला आले आणि दारातच थांबले.

"भावजी, ही खोली नव्हे. उंची नाही, खिडकी नाही. राहायला परवानगी मिळणार नाही."

"नकाशात सामानाचा माळाच राहू दे," बाबा म्हणाले. "आत कोण झोपतं ते बघायला महापालिका येणार आहे होय?"

"एक खिडकी तरी पाडा."

आई मध्येच बोलली, "बाळंतिणीला वारा कशाला हवाय? उलट बरंच झालं."

मामा चहा न घेता गेले.

बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं होतं. त्या संध्याकाळी आईनं ताईच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. ओव्याची धुरी दिली. शेक घेताना ताई आतून कडी लावायची, तशी तिनं लावली.

बऱ्याच वेळानं मी हाक मारायला वर गेले.

आत सगळं शांत...

बाळाचाही आवाज नाही.

"ताई?"

मी दार वाजवलं, मग बडवलं. "ताई, दार उघड गं! पाया पडते तुझ्या!"

आणि मग... अगदी दाराच्या पलीकडून...

"ओरडू नकोस. बाळ झोपलंय. मी त्याला खिडकीपाशी धरलंय. वारा किती छान येतोय."

खिडकीपाशी?

मी किंचाळले. बाबा पहार घेऊन धावत आले. कडी तुटली.

आत कोंदट उष्मा. डोकं गरगरलं.

ताई बाजेवर पडली होती. हलवली, तरी उठली नाही.

बाळ बाजेवर नव्हतं.

ते होतं पलीकडच्या भिंतीशी, जमिनीवर, दुपट्यात नीट गुंडाळलेलं. गाल थंडगार. श्वास चालू.

आणि दुपट्यावर... कडुनिंबाची हिरवी पानं.

झाड त्या भिंतीच्या बाहेर होतं.

डॉक्टरांनी ताईला तपासलं, बाजेखालच्या शेगडीकडं पाहिलं आणि मान हलवली. "बराच वेळ झालाय. तुम्ही वर जायच्या आधीच गेली असणार."

मग माझ्याशी बोललं कोण?

बाबांनी पुढं त्या भिंतीला खिडकी पाडली. नकाशा, परवानगी, सगळं रीतसर. मामा बघून गेले.

ती खिडकी सताड उघडी ठेवली तरी पडदा हलत नाही.

संध्याकाळी आई ती बंद करते...

आणि पडदा हलायला लागतो.

आई तिथंच खाली बसते. थकलीय आता. पदर तोंडाशी धरून म्हणते, "लागू दे गं वारा, नीरजे. हवा तेवढा लागू दे."

मी तिथं थांबत नाही. जिना उतरून खाली येते.

ताईनं पुन्हा उत्तर दिलं तर...?