आठ किलोंचा फरक

जिचा पगार दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यावर चालतो, तिने निदान स्वतःचं वजन खोटं सांगू नये. पण जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर उभा होता, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, आणि तो खाली बघून हसत होता. अशा वेळी वजनमापे खात्याची शिस्त कुणाला आठवते?

तिचा केसाळ कुत्रा, कापूस, लंगडत होता. काट्यावर एकटा उभा राहायला तो काही केल्या तयार होईना, म्हणून ती त्याला उचलून घेऊन चढली. दोघांचे मिळून अठ्ठ्याहत्तर किलो भरले. आता रीतीप्रमाणे तिला एकटीला पुन्हा उभं करायचं आणि वजाबाकी करायची. डॉक्टरची छाती झाली नाही.

"तुमचं... साधारण?" त्याने चाचरत विचारलं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. होती सहासष्ट.

उरलेले आठ किलो बिचाऱ्या कापसाच्या अंगावर गेले. बाराचा कुत्रा कागदावर विसाचा झाला — केसांमुळे दिसायचाही तेवढा — आणि दुखण्याच्या गोळ्या त्याला विसाच्या मापाने मिळाल्या.

चौथ्या दिवशी त्याने खाणं टाकलं. ओकाऱ्या थांबेनात. या खेपेला तो काट्यावर निमूट पडून राहिला. उठायचं त्राणच नव्हतं. काटा बारावर थांबला. डॉक्टरने जुना कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. गोळ्या जास्त झाल्या, मूत्रपिंडांना इजा झालीय, आठवडाभर सलाईन लावू, पण वाचेलच असं सांगवत नाही, असं तो आडपडदा न ठेवता म्हणाला.

"वजाबाकी माझी चुकली."

तिने तोंड उघडलं... आणि मिटलं.

मग रोज सकाळी सलाईनचे थेंब मोजत दोघं फरशीवर बसू लागले, मध्ये कापूस. डॉक्टर त्याच्या ओठांना पाणी लावायचा, तिला कुत्र्यांच्या लबाड्या सांगून हसवायचा. ती हसायची, आणि लगेच नजर सलाईनच्या बाटलीकडे वळवायची. आईने तर घरी विचारलंच, "सलाईन कुत्र्याला आणि तरतरी तुझ्या तोंडावर, हे कुठलं गं औषध?"

पाचव्या दिवशी कापसाने शेपटी हलवली. सातव्या दिवशी बशी चाटूनपुसून ठेवली. रक्ताचा अहवालही चांगला आला. कापसाचे कान खाजवत डॉक्टर म्हणाला की सोमवारपासून आपण इथे नसू. मोठ्या डॉक्टरीणबाईंना चूक लिहून दिलीय. ज्याला साधी वजाबाकी जमत नाही त्याने औषधाला हात लावू नये.

"सहासष्ट," ती म्हणाली.

"काय सहासष्ट?"

"मी. वजाबाकी बरोबर होती तुमची. आठ किलो मी चोरले. हा गेला असता, तरी... तरी मी गप्पच बसले असते बहुधा."

डॉक्टरचा हात कापसाच्या कानावरच थांबला. सलाईनचे तीस-चाळीस थेंब पडून गेले.

"सात दिवस," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मीही तुम्हाला एकटीला उभं करायला हवं होतं. नियमच आहे तो. पण वाटलं, वजनावरून अडून बसलो तर तुम्ही दुसरा दवाखाना बघाल."

तिने मान वर केली. तो खाली बघत होता. हसत मात्र नव्हता.

"बाईंकडे मी येते," ती म्हणाली. "माझ्या तोंडाने सांगते."

"दोघं जाऊ." थोडं थांबून त्याने विचारलं, "वय तरी खरं सांगाल?"

"कापसाचं?"

"ते आहे कागदावर. तुमचं."

"त्याच्यावर कुठलं औषध ठरतं?"

"औषध नाही..." त्याचे कान लाल झाले. "माझी आई विचारेल."

तिने सांगितलं. जन्मतारखेसकट.