काठावरचा गुलाबी गहू

“चक्रवाक नऊ! शेकाट्या चार! लिही की गं, बोटं गोठली का तुझी?” ज्ञानेश ओरडला.

“ओरडू नकोस, उडतील ना!” शुभांगीनं बोटांवर फुंकर घातली.

१९९७ सालची नाताळची सुट्टी. नाशिकची शुभांगी मामाच्या गावी आली होती आणि ज्ञानेश-दीपमाला या मामेभावंडांबरोबर धरणाच्या काठानं पक्षी मोजत चालली होती. तेव्हाचा गारठा काय सांगावा! उन्हं वर आली तरी पाणकणसांवरचं दव वाळत नसे.

तेवढ्यात दीपमाला किंचाळली. बेशरमीच्या झुडपाआड पाच चक्रवाक मरून पडले होते! दहा पावलांवर, धरणात मासे धरून पोट भरणाऱ्या गावातल्या पुतळाबाईचं जाळं वाळत होतं.

“हिनंच मारले!” शुभांगी म्हणाली आणि धावत जाऊन तिनं कोंडाजीमामाला तेच सांगितलं. मामानं सरपंचांना सांगितलं. तासाभरात चार गडी आले आणि त्यांनी कोयत्यानं जाळ्याचे तुकडे केले.

“अवो, मी मासं धरते, पाखरं नाय!” पुतळाबाई कळवळून सांगत होती.

“उद्या पारावर निकाल लावू. मग काठावर दिसायचं नाही!” सरपंच गरजले.

‘पाखरं नाय!’ हे तिचे शब्द शुभांगीच्या कानातून जाईनात. दुपारी तिघं पुन्हा काठावर गेली.

“जाळ्यात अडकले असते तर पिसं तुटली असती,” ज्ञानेश म्हणाला. “एकालाही ओरखडा नाही!”

“आणि चोचीपाशी बघा!” शुभांगी वाकली. गुलाबी दाणे! झुडपाखाली गव्हाचा ढीगच होता आणि शेजारी रिकामी गोणी.

दीपमालाचा चेहरा उतरला. “हे औषध लावलेलं बियाणं. आप्पांनी पेरलं तेच.”

पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात मामा दरवर्षी गहू पेरायचा.

“विचारलं तर आप्पा कानफटात देतील!” ज्ञानेश म्हणाला.

“मग विचारायचंच नाही,” शुभांगी म्हणाली.

सकाळी सारा गाव पारावर जमला. सरपंच खाकरले, इतक्यात दीपमाला डबा घेऊन पुढे आली.

“आप्पा, काठावर केवढा गहू सांडलाय! आपल्या कोंबड्यांना टाकू?”

“हात लावू नको! जहर हाय ते!” मामा ताडकन उठला. “घरात पोरं हायेत म्हणून तर उरलेलं तिकडं नेऊन ओतलं!”



“मग पक्षी कशानं मेले, मामा?” शुभांगीनं विचारलं.

“म्याच ओतलेल्या गव्हानं,” मामा खाली बघत म्हणाला.

“शाब्बास! वकिलालाही जमलं नसतं!” सरपंचांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. लोक हसले. मामाही ओशाळून हसला आणि ज्ञानेशला घेऊन तो गहू पुरायला निघाला. हसली नाही ती एकटी पुतळाबाई.

“बस खुशाल काठावर, बाई. नवं जाळं देऊ,” सरपंच म्हणाले.

“जाळं द्याल. काल पोराबाळांदेखत माझ्यावर आळ घेतला, त्याचं काय?”

सरपंचांनी घड्याळ पाहिलं. लोक उठून घरोघर गेले.

पुतळाबाई काठावर जाळ्याचे तुकडे वेचत होती. शुभांगी मागोमाग गेली.

“पुतळाबाई, तुमचं नाव मीच घेतलं होतं.”

“ठाऊक हाय.”

बाईनं मान वर केली नाही. शुभांगी खाली बसून तुकडे वेचू लागली. पुतळाबाई तिला बस म्हणाली नाही, की जा म्हणाली नाही.