खंड भरून काढला

दवाखान्यातल्या नोंदणीचा प्रोग्रॅमर त्या दिवशी आईलाही सोबत घेऊन आला. तिच्या तपासण्या होत्या, संध्याकाळी घरी जायचं होतं. तो सकाळीच दमलेला होता. तीन आठवडे एकच तक्रार त्याच्या मानगुटीवर बसली होती : रुग्णांच्या नंबरांत खंड पडतो.

कारण साधं होतं. नोंद टाकली की ट्रिगर नावाचा छोटा प्रोग्रॅम आपोआप चाले आणि सिक्वेन्सकडून, म्हणजे ओळीने नंबर मोजत जाणाऱ्या गणकाकडून, पुढचा नंबर घेई. नोंद अर्ध्यावर रद्द झाली तर तो नंबर वाया जाई. सिक्वेन्स मागे वळून पाहत नाही. हे त्याने हेडक्लार्कना अकरा वेळा समजावलं होतं. ते चष्मा पुसत ऐकून घेत आणि विचारत, नंबर दिला ना? मग ज्याला दिला तो माणूस कुठंय?

शेवटी त्याने हात टेकले. ट्रिगर बदलला : आधी वाया गेलेला नंबर शोध, सापडला तर तोच दे. नव्या ट्रिगरवर पहिली नोंद त्याने आईचीच टाकली. वाया गेलेला ४११७ तिला पडला. खंड भरला. हेडक्लार्क तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. ते दृश्य काही पाहण्यासारखं नव्हतं.

चार वाजता तपासण्या आटोपल्या. आई खाटेच्या अगदी कडेला अंग चोरून बसली होती. ऐसपैस बस की, तो म्हणाला. ती आणखीच कडेला सरकली. रिकाम्या बाजूच्या उशीला ताजा खळगा होता.

तो सुट्टीचा कागद मागायला गेला. नर्सने स्क्रीन पाहिला आणि कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, ४११७ एक वाजताच घरी गेल्या, मुलगा घेऊन गेला. तिने पुढे केलेल्या कागदावर सही त्याचीच होती. घाईत शेवटचं अक्षर तो गाळतो, तेही गाळलेलं.

ट्रिगरच चुकला असणार, असं मनाशी म्हणत तो खाटेपाशी परतला आणि बायकोला फोन लावला.

"आईला घेऊन निघतोय."

ती पलीकडून कुजबुजली.

"अहो... दुपारी तुम्हीच सोडून गेलात ना त्यांना? जेवून झोपल्यात. हळू बोला."

"नीट बघ."

"बघतेय की... चपलासुद्धा दारात आहेत."

त्याने खाटेखाली वाकून पाहिलं. फरशी स्वच्छ पुसलेली होती. चपला नव्हत्या.

"झोपू दे तिला," आई वरून हळूच म्हणाली. "मी थांबते इथंच."