पहिलं नको

“काकू, उत्तर ‘हो’ असेल तर मनातल्या मनात भाकरी थापायला घ्या. ‘नाही’ असेल तर घरातून फिरून या. दारातून आत शिरा, एकेक खोली बघा.”

डॉ. अनघा होनराव हे इतक्या सहज बोलल्या, जणू काकू पीठ मळूनच बसल्या होत्या. महानंदा बिराजदार पलंगावर पडून अर्ध्या उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होत्या. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून आठ महिने त्या तशाच बघत होत्या. पायथ्याशी त्यांचे पती नागनाथ पलंगाची दांडी घट्ट धरून उभे होते. चाळीस वर्षं सोलापुरात यंत्रमाग दुरुस्त केलेला हा माणूस. मागात काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. बायकोपुढे मात्र ते कसब कामाला आलं नव्हतं.

महानंदाबाईंच्या डोक्यावर शंभर संवेदकांची मऊ टोपी होती. चाचणीचं कागदावरचं नाव ‘अंतःसंवाद’, पण दवाखान्यात सगळे तिला बोलकी टोपी म्हणत. माणूस हाताचं काम नुसतं मनात आणतो तेव्हाही मेंदूतला हात हलवणारा भाग जागा होतो, आणि ओळखीच्या जागेत मनाने फिरतो तेव्हा दुसराच भाग. पहिला जागा झाला की पडद्यावर नारिंगी पट्टी चढे, दुसरा जागा झाला की निळी. चाचणी परदेशातून आली तेव्हा रोग्याला टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगत. ज्यांनी जन्मात रॅकेट धरली नाही अशा बायाबापड्यांच्या अहवालांवर ‘चेतना नाही’ असे शेरे पडत गेले, आणि त्यात काही चुकतंय असं शहाण्यांना वर्षभर वाटलं नाही. होनराव मॅडमनी टेनिस काढून भाकरी आणली.

“तुमचं नाव महानंदा आहे का?”

पडदा ढिम्म. ईईजी झालं होतं, एमआरआय तीनदा झालं होतं, आधीच्या दोन डॉक्टरांनी हात टेकले होते. ही शेवटची आशा. मेंदूच्या गाभ्यात एक चेतक तार बसवता येत असे. ती निजलेल्या पेशींना बारीक विजेने हलवून उठवायची. पण आत कोणी जागं आहे असं दिसलं तरच ती बसवत, आणि तीही वर्षाच्या आत. नंतर पेशी सुकून जात.

नारिंगी पट्टी हलली. हळूहळू वर चढली आणि तिथेच थांबली.

“तुम्हाला तीन मुलगे आहेत का?”

आता निळी चढली. बरोबर होतं, बिराजदारांना एकुलती एक मुलगी होती.

“काका, काकू आत आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळं ऐकतात. सगळं कळतंय त्यांना.”

नागनाथ मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. आनंदच होता तो, पण फार वेळ टिकला नाही. सगळं ऐकते म्हणजे आठ महिन्यांत काय काय ऐकलं असेल हिने? त्यांची वहिनी हिच्या उशाशी उभी राहून म्हणाली होती, “सुटली तर बरं होईल बिचारी. भावजींचे हाल बघवत नाहीत.” त्यावर ते “हं” म्हणाले होते. दमून म्हणाले होते, पण म्हणाले होते.

“आता संमती,” डॉक्टर म्हणाल्या. “रोगी उत्तर देऊ शकत असेल तर नव्या कायद्याप्रमाणे त्यालाच विचारावं लागतं. तुमची सही चालत नाही.”

“विचारा की,” नागनाथ डोळे पुसत म्हणाले. त्यांना जवळजवळ हसूच आलं. बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढू का म्हणून कोणी विचारतं का?

डॉक्टरांनी महानंदाबाईंच्या कानाशी वाकून सगळं सावकाश सांगितलं. कवटीला छिद्र पाडावं लागेल. बोलता येईल बहुधा. उजवं अंग कदाचित परत येणार नाही. दुखेल, बरेच दिवस दुखेल. “काकू, तार बसवायची का?”

निळी पट्टी सरळ वर गेली.

“चुकलं काहीतरी!” नागनाथ उठले. “परत विचारा.”

“नाही विचारता येत, काका. एकदाच. नातेवाईक रोग्याने हो म्हणेपर्यंत विचारत बसायचे, म्हणून हा नियम आला. आग्रहाला कायद्यात दबाव म्हणतात.”

“अहो मॅडम, तिचं पहिलं नको धरायचं नसतंय ओ! आमच्यात बायका लगेच हो म्हणत्यात का? जेवायला वाढा, नको. साडी घ्यायला चल म्हणा, नको, कशाला उगाच. तसलीच आहे ती. दुसऱ्यांदा विचारायचं असतंय!”

“आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायच्या?”

नागनाथांनी पलंगाची दांडी पुन्हा धरली. पंगतीत परक्या माणसाच्या ताटावर ओणवं होऊन जिलबी वाढणारे ते, आग्रहासाठी सगळ्या भावकीत त्यांचं नाव होतं. पण घरच्या बाईला? ती नको म्हणाली की यांचं काम सोपं व्हायचं. ती पडली त्याआधी तीन दिवस डोकं धरून ओट्याशी बसत होती. “दवाखान्यात जायचं का?” त्यांनी विचारलं होतं. “नको, होईल कमी,” ती म्हणाली होती. बरं म्हणून ते कारखान्यात निघून गेले होते. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला उचलून दवाखान्यात आणलं.

“मी विचारलंच नाही कधी,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा. एकदाबी नाही.”

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “एक वाट आहे. मला पुन्हा विचारा, असं रोग्याने स्वतः सांगितलं तर विचारता येतं. पुन्हा विचारू का, एवढं त्यांना तुम्ही विचारू शकता. पण तेही एकदाच.”

नागनाथ उशाशी गेले. तिचा हात हातात घेतला तेव्हा तो किती हलका झालाय ते त्यांना जाणवलं.

“महानंदा, मी आहे. माझं चुकलं गं. तुझं नको मला सोयीचं होतं म्हणून मी धरत आलो. तुझ्या उशाशी काय बोललो, काय नाही, तू सगळं ऐकलंस. तुला राग असंल तर असू दे. तारेचं राहू दे. एवढंच सांग, मी तुला परत विचारू का?”

उत्तराला बारा सेकंद असत. पाच गेली, सात गेली. नारिंगी पट्टी बोटभर वर आली, थरथरली आणि खाली बसली. दहाव्या सेकंदाला निळी चढली, आधीच्यापेक्षा सावकाश, पण पूर्ण चढली.

“काका,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या, “मी अहवालावर नकार लिहू?”

नागनाथांनी मान वर केली नाही. हे तिचं दुसरं नको होतं, की नव्या प्रश्नाला दिलेलं पहिलंच?